गृहकर्जाचा हप्ता थकला तर: गोव्यातील कुटुंबांनी घर वाचवण्यासाठी केव्हा काय करावे, आणि धोरणात काय मागावे

२०१२ च्या सप्टेंबरात गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील आमच्या घरासमोर दोन ट्रक उभे होते आणि त्या ट्रकांसाठी घेतलेल्या कर्जाला आमचे राहते घर तारण होते. काही महिन्यांनी एका वित्तसंस्थेची इंग्रजी नोटीस आली. वडिलांनी ती वाचण्याचा प्रयत्न केला, रक्कम पाहिली आणि कपाटाच्या खणात ठेवून दिली. त्या कागदात साठ दिवसांची मुदत होती आणि तेवढ्या काळात लेखी हरकत घेता येत होती, हे आम्हाला कळले ते दारावर ताब्याची नोटीस चिकटवली गेली त्या दिवशी. घर पुढे वाचले, पण त्यासाठी काजूची बाग विकावी लागली, आणि ती विकायला आठ महिने लागले ते का, हे पुढे ओघात येईल.

त्यानंतर अनेक शेजाऱ्यांच्या आणि नातेवाइकांच्या नोटिसा वाचून दिल्यावर माझे मत पक्के झाले आहे: हातात पैसा नसलेल्या कर्जदारालाही कायद्याने ठरावीक मुदतींपुरते संरक्षण दिलेले आहे, आणि बहुतेक कुटुंबे ते संरक्षण माहिती नसल्यामुळे वाया घालवतात. म्हणून पुढील मांडणी तारखांच्या क्रमाने केली आहे. ही सर्वसाधारण माहिती आहे; प्रत्यक्ष नोटीस हातात पडली की वकिलाचा सल्ला घ्यावाच.

पहिली पायरी: हप्ता चुकण्याआधी

हप्ता चुकणार हे घरातल्या माणसाला बँकेच्या आधी कळते. तारवटी माणसाचा जहाजावरील करार संपून पुढच्या बोलावण्याची खात्री नसते, हॉटेलातील नोकरी पावसाळ्यात थांबते, आजारपण येते. या टप्प्यावर बँकेला लेखी कळवणे हीच सर्वांत उपयुक्त कृती आहे. शाखेतल्या ओळखीच्या माणसाशी तोंडी बोलणे पुरेसे नाही. उत्पन्न का व किती काळ घटणार आहे, सध्या किती रक्कम भरता येईल आणि कोणती सवलत हवी आहे, हे एका पानात लिहून त्याच्या प्रतीवर पोचशिक्का घ्यावा किंवा तेच बँकेच्या अधिकृत ईमेलवर पाठवावे.

सवलत मागताना आकडे स्वतः मांडून पाहावेत. समजा ३० लाख रुपयांचे कर्ज ८.५ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी आहे. त्याचा मासिक हप्ता सुमारे २६,०३५ रुपये येतो, आणि पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील २१,२५० रुपये केवळ व्याजाचे असतात. मुदत ३० वर्षे केली तर हप्ता सुमारे २३,०६७ रुपयांवर येतो, म्हणजे महिन्याला तीन हजारांच्या आसपास दिलासा मिळतो. परंतु एकूण व्याज जवळपास साडेबत्तीस लाखांवरून त्रेपन्न लाखांवर जाते. अडचण सहा महिन्यांची असेल तर त्यासाठी दहा वर्षे मुदत वाढवणे मला योग्य वाटत नाही. त्याऐवजी काही महिने फक्त व्याज भरण्याची सवलत मागावी, किंवा मुदत वाढवून घेतली तरी हात सैल होताच जादा रक्कम भरावी. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेता येत नाही, हे येथे कामी येते.

बदलत्या व्याजदराचा आणखी एक धडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. अनेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि कर्जदारांना ते वर्षाचे विवरणपत्र पाहिल्यावर कळले. त्यानंतर १८ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने नियम केला की व्याजदर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे, दोन्ही थोडे थोडे करणे किंवा काही रक्कम आगाऊ भरणे यांतील निवड कर्जदाराला द्यावी, आणि हप्त्यातून निदान व्याज तरी भागले पाहिजे. ही निवड आपल्याला दिली गेली होती का, हे जुनी पत्रे काढून तपासावे. दिली गेली नसेल तर तक्रारीचा तो सबळ मुद्दा ठरतो.

घरात कर्जाशी जोडलेला विमा आहे का, हेही याच वेळी पाहावे. कर्जदाराचा मृत्यू झाल्यावर विम्याचा दावा न करता विधवेने वर्षभर हप्ते भरत राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

दुसरी पायरी: पहिले नव्वद दिवस

हप्त्याची रक्कम एक ते तीस दिवस थकली की खाते विशेष निरीक्षणाच्या पहिल्या गटात जाते, एकतीस ते साठ दिवसांत दुसऱ्या आणि एकसष्ट ते नव्वद दिवसांत तिसऱ्या. नव्वद दिवस उलटले की खाते एनपीए, म्हणजे अनुत्पादित, ठरते. या नव्वद दिवसांत बँकेचे हात जितके मोकळे असतात तितके नंतर राहत नाहीत, कारण एकदा शिक्का बसला की खाते पुन्हा नियमित करण्यासाठी संपूर्ण थकबाकी भरावी लागते. ही गोष्ट रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केली आहे. त्यापूर्वी काही ठिकाणी केवळ व्याज किंवा एखादा हप्ता भरला की खाते नियमित दाखवले जाई. त्यामुळे तीन हप्ते थकले असताना एकाचीच सोय होत असेल, तर तो भरण्याआधी उरलेले दोन केव्हा भरणार याचे वेळापत्रक लेखी देऊन ते मान्य करून घ्यावे.

खात्याचा संपूर्ण उतारा मागवून दंडाची नोंद तपासावी. एप्रिल २०२४ पासून नव्या कर्जांना आणि त्याच वर्षीच्या जूनअखेरपासून जुन्या कर्जांनाही लागू झालेल्या नियमानुसार बँकेला दंडव्याज लावता येत नाही. दंड आकार म्हणूनच घ्यावा लागतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. वसुलीसाठी येणाऱ्या माणसांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, कुटुंबीयांना धमकावू नये, असाही रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. असे घडल्यास वेळ, फोन क्रमांक आणि बोललेले शब्द त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावेत.

तक्रार आधी बँकेकडेच करावी लागते. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. गृहवित्त कंपनीविरुद्धची तक्रार मात्र राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेच्या तक्रार व्यवस्थेकडे करावी लागते. गृहवित्त कंपन्यांच्या नियमनाचे अधिकार ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे आले असले तरी तक्रारींचे काम तिकडेच आहे. पत्त्यातल्या या चुकीने दोन महिने सहज जातात.

तिसरी पायरी: साठ दिवसांची नोटीस

येथून पुढचा सारा व्यवहार २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतो. हा कायदा बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकण्याचा अधिकार देतो. नोटीस हाती येताच तो आपल्या कर्जाला लागू होतो का, हे पाहावे. सहकारी बँकांना तो लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये दिला. पतसंस्था ही बँक नसल्याने तिला सहकार कायद्याच्या मार्गाने जावे लागते. बिगर-बँकिंग वित्त कंपनीची मालमत्ता किमान १०० कोटींची आणि तारणकर्ज २० लाख रुपये किंवा त्याहून अधिक असावे लागते. येणे एक लाख रुपयांपेक्षा जास्त नसेल, किंवा ते मुद्दल व व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या वीस टक्क्यांपेक्षा कमी असेल, तरीही हा कायदा वापरता येत नाही. ज्यांनी बरेचसे कर्ज फेडले आहे त्यांनी हा हिशेब अवश्य करून पाहावा. शेतजमिनीवरील तारणही कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. गोव्यात हा मुद्दा वारंवार येतो, कारण सनद, म्हणजे शेतजमीन बिगरशेती करण्याची परवानगी, न घेतलेल्या जमिनीवर बांधलेली घरे कमी नाहीत. अशा वेळी एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा, सनद आणि जमिनीचा प्रत्यक्ष वापर ही तिन्ही कागदोपत्री दाखवावी लागतात.

कलम १३(२) च्या या नोटिशीच्या तारखेपासून साठ दिवसांत संपूर्ण कर्ज फेडावे, अशी तीत मागणी असते. याच काळात कर्जदार लेखी हरकत घेऊ शकतो आणि ती मान्य नसल्यास पंधरा दिवसांत कारणांसह उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. हरकतीत भावना थोडक्यात आणि आकडे सविस्तर लिहावेत: खाते एनपीए ठरवल्याची तारीख बरोबर आहे का, भरलेल्या सर्व रकमा जमा झाल्या आहेत का, दंड नियमानुसार आहे का, तारण मालमत्तेचे वर्णन बरोबर आहे का. हरकतीसोबतच परतफेडीचा प्रस्ताव द्यावा आणि शक्य असेल तर काही रक्कम भरून त्याची पावती जोडावी. पुढे कर्जवसुली न्यायाधिकरणासमोर जावे लागले तर हा कागद सर्वाधिक उपयोगी पडतो.

गोव्यात याच टप्प्यावर मालकीचा प्रश्न नीट पाहावा लागतो. विवाहापूर्वी वेगळा करार नसेल तर आपल्याकडे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते आणि स्थावर मालमत्तेच्या विक्रीला किंवा गहाणाला दोघांची संमती लागते. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली ही व्यवस्था वारसाच्या बाबतीत आता २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या वारसा, विशेष नोटरी व इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्याखाली चालते. म्हणून गहाणखतावर पत्नीची सही आहे का, वडिलोपार्जित घर असल्यास इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधली मालमत्तेची अधिकृत वाटणी, झाली आहे का, गहाण ठेवणाऱ्याचा वाटा किती, मालमत्तेत मुंडकाराचे, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत राहणाऱ्या कायद्याने संरक्षित रहिवाशाचे, घर आहे का, हे प्रश्न हरकतीत मांडण्याजोगे असतात. तारवटी कुटुंबात सही बहुधा कुलमुखत्यारपत्रावर झालेली असते; त्या पत्रात मालमत्ता गहाण ठेवण्याचा अधिकार स्पष्ट दिला होता का, ते वाचून पाहावे. मात्र सही खरी असताना ती नाकारण्याचा मोह कोणी धरू नये. त्याने प्रकरण लांबते आणि व्याज चढतच राहते.

याच व्यवस्थेची दुसरी बाजू आम्ही अनुभवली. बाग विकून कर्ज फेडायचे ठरले, तेव्हा उताऱ्यावर आजोबांचे नाव होते. वडिलांच्या तीन भावांच्या, दोन बहिणींच्या आणि त्या सर्वांच्या जोडीदारांच्या सह्या हव्या होत्या, आणि त्यांतील एक काका लिस्बनला होते. सगळे राजी असूनही आठ महिने गेले. ज्यांच्या घरात इन्व्हेंटरी झालेली नाही त्यांनी ती अडचणीच्या काळाची वाट न पाहता करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती आहे.

गहाण मालमत्ता स्वतः विकून कर्ज फेडणे हा लिलावापेक्षा जवळजवळ नेहमीच चांगला मार्ग असतो, कारण लिलावात भाव पडतो आणि खर्च कर्जदाराच्या माथी येतो. पण १३(२) ची नोटीस आल्यावर ती मालमत्ता बँकेच्या लेखी संमतीशिवाय विकता येत नाही. ग्राहक शोधण्याआधीच ती संमती मागावी, म्हणजे विक्रीची रक्कम थेट कर्जखात्यात जमा होईल अशी त्रिपक्षीय व्यवस्था करता येते.

चौथी पायरी: ताबा आणि न्यायाधिकरण

साठ दिवस संपल्यावर बँक कलम १३(४) खाली ताबा घेते. पहिला ताबा बहुधा कागदोपत्री असतो: दारावर नोटीस चिकटवली जाते आणि सात दिवसांत दोन वृत्तपत्रांत ती प्रसिद्ध होते, त्यांतील एक स्थानिक भाषेतील असावे लागते. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक कलम १४ खाली जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते आणि त्यांच्या आदेशावरून मामलेदार किंवा अन्य अधिकारी पोलिसांसह येतात. जिल्हाधिकारी कार्यालयात कर्जाचा वाद ऐकला जात नाही. तेथे विनवण्या करण्यात दिवस घालवू नयेत.

दाद मागण्याची जागा म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण. कलम १७ खाली तेथे पंचेचाळीस दिवसांत अर्ज करावा लागतो. हे दिवस १३(४) च्या कारवाईपासून मोजले जातात, आणि गोव्यातील कर्जदाराला अर्ज मुंबईला करावा लागतो. या पहिल्या अर्जासाठी कर्जाची रक्कम आधी भरण्याची अट नाही; पूर्वीची पंचाहत्तर टक्क्यांची अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये मार्डिया केमिकल्स प्रकरणात रद्द केली. त्यावरील अपिलासाठी मात्र निम्मी रक्कम भरावी लागते आणि ती फार तर पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. म्हणून सारी शक्ती पहिल्या अर्जावर लावावी. दिवाणी न्यायालयाला या बाबींत अधिकार नाही आणि उच्च न्यायालय सहसा न्यायाधिकरणाकडेच पाठवते, त्यामुळे पर्वरीच्या उच्च न्यायालयात थेट याचिका करून पंचेचाळीस दिवस हातचे घालवणे धोक्याचे आहे.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते, आणि गोव्यात पत्नी बहुतेक वेळा सहकर्जदार व सहमालक असते, तेव्हा अर्ज तिच्या नावाने करण्यास काहीच अडचण नाही.

पाचवी पायरी: लिलावापूर्वीची शेवटची तारीख

पूर्वी विक्री पूर्ण होईपर्यंत कर्ज फेडून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच उरतो, आणि २०२३ मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. लिलावाच्या दिवशी पैसे घेऊन धावणाऱ्या कुटुंबाला आता कायद्याचा आधार नाही.

विक्रीपूर्वी बँकेने मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून किंमत काढून राखीव किंमत ठरवावी लागते आणि कर्जदाराला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. ती किंमत कमी वाटत असेल तर स्वतंत्र मूल्यांकन करून घेऊन त्याच आठवड्यात लेखी हरकत नोंदवावी. राखीव किमतीखाली घर कर्जदाराच्या संमतीशिवाय विकता येत नाही. येणे वसूल होऊन पैसे उरले तर ते कर्जदाराचे असतात, ते मागून घ्यावेत. कमी पडले तर उरलेली रक्कम त्याच्याच डोक्यावर राहते.

एकरकमी तडजोड हा मार्ग आहे, पण तो हक्क नाही. ती द्यायची की नाही हे बँक ठरवते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तडजोड झाल्यास मंजुरीपत्रातील तारखा काटेकोर पाळाव्यात. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ कागदपत्रे तीस दिवसांत परत मिळाली पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाल्यास दिवसाला पाच हजार रुपये भरपाईचा नियम आहे. कर्ज देणाऱ्या बँकेचाच परवाना रद्द झाला, जसा म्हापसा अर्बनचा २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये झाला, तरी कर्ज माफ होत नाही. हप्ते परिसमापकाकडे, म्हणजे बंद पडलेल्या बँकेचा कारभार आवरण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, भरून पावत्या जपाव्यात.

धोरणात काय मागावे, आणि कोणाकडे

एकेका कुटुंबाने मुदती पाळल्या तरी व्यवस्थेतील उणिवा उरतात. अमेरिकेत नियम असा आहे की घर जप्तीची कार्यवाही हप्ता थकल्यापासून साधारणपणे १२० दिवस सुरू करता येत नाही, आणि कर्जदाराचा सवलतीचा पूर्ण अर्ज वेळेत आलेला असेल तर तो निकाली काढल्याशिवाय पुढे जाता येत नाही. आपल्याकडे १३(२) च्या नोटिशीआधी कर्जदाराशी बसून पर्याय तपासण्याचे कायदेशीर बंधन नाही. व्यक्तींसाठीची दिवाळखोरी कार्यवाहीदेखील सध्या फक्त कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरती लागू आहे, त्यामुळे नोकरी गेलेल्या घरमालकाला न्यायालयाच्या देखरेखीखाली फेडीचा आराखडा मागता येत नाही.

माझ्या मते राहत्या एकमेव घराच्या बाबतीत नोटिशीपूर्वी एक समुपदेशन बैठक आणि तिचे लेखी इतिवृत्त सक्तीचे व्हावे. नोटीस कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत, म्हणजे गोव्यात मराठी किंवा कोकणीतही, मिळावी आणि मुदतीची तारीख पहिल्याच पानावर ठळक असावी. न्यायाधिकरणाचे फिरते पीठ वर्षातून काही वेळा पणजीत किंवा मडगावात बसावे. आणि राज्याने खाणबंदीनंतर २०१४ मध्ये ट्रक व यंत्रांच्या कर्जदारांसाठी जशी सवलत योजना आणली होती, तशी राहत्या घरांसाठी कायमची छोटी तरतूद ठेवावी. त्यातून सहा महिन्यांचे व्याज परतफेडीच्या अटीवर भागवता येईल. सरसकट कर्जमाफी मला नको आहे, कारण तिचा भार शेवटी ठेवीदारांवर आणि पुढच्या कर्जदारांवर पडतो.

या मागण्या एकाच कार्यालयात देऊन चालत नाही. नोटिशीपूर्वीच्या बैठकीचा आणि भाषेचा विषय रिझर्व्ह बँकेचा आहे. ती अनेक नियमांचे मसुदे संकेतस्थळावर ठेवून ठरावीक मुदतीत जनतेच्या सूचना मागवते, आणि त्या ईमेलने कोणालाही पाठवता येतात. न्यायाधिकरणाचे पीठ हा केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाचा विषय आहे, तेव्हा तो खासदारांमार्फत मांडावा. राज्याच्या तरतुदीसाठी आमदाराला विधानसभेत प्रश्न विचारायला सांगावे. बँकांच्या प्रत्यक्ष वागणुकीसाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीला लिहावे. गोव्यात तिचे संयोजन भारतीय स्टेट बँक करते. प्रत्येक पत्रात मागणी एकच असावी, आणि सोबत नाव-पत्ता झाकलेल्या एका खऱ्या प्रकरणाचा तारखांचा तक्ता जोडावा: हप्ता केव्हा थकला, बँकेला केव्हा कळवले, उत्तर केव्हा आले, नोटीस कोणत्या भाषेत होती आणि मुंबईला किती खेपा झाल्या.